सतरा गाळून

एर्सिलिया आणि मी रोमच्या चिनेचित्ता सिनेमा-स्टुडिओच्या शिवणखात्यात एकाच टेबलावर उभा जन्म काढला. रोमन शिपायांचे अंगरखे, राण्यांचे झगे, जोगिणींचे डगले, सगळं आम्ही शिवलं. पडद्यावर कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव यायचं, आमचं कधी आलं नाही.

ती तिथे नोकरीसाठी आलीच नव्हती, आसऱ्याला आली होती. महायुद्धानंतर स्टुडिओत सिनेमे नव्हते, निर्वासित होते. मोठाल्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या भिंती उभारून एकेका कुटुंबाला खोली दिलेली. एर्सिलिया सरहद्दीपलीकडे गेलेल्या इस्त्रिया प्रांतातून आली, नवरा गमावून, कडेवर नेल्लोला घेऊन. तिथेच पोराला घटसर्प झाला. वाचला, पण आवाज कायमचा घोगरा झाला.

सूपच्या रांगेत उभं राहून तिने त्याला आकडे शिकवले, तेही सतरा गाळून. सतरा आमच्याकडे अशुभ, हे सगळेच मानतात. पण म्हणून मोजताना कोणी तो गाळत नाही. मी तिला हसले तर म्हणाली, "तुला चार पोरं आहेत, तू हस. माझं एकच आहे. त्याच्या तोंडी तो मेला आकडा नको."

शाळेत त्यापायी नेल्लोने मास्तरांचा मार खाल्ला, पण सतरा म्हटलं नाही.

पुढे तो स्टुडिओतच सुतार झाला. एका दिग्दर्शकाला त्याचा चेहरा आवडला आणि त्याला एक प्रसंग मिळाला. परदेशी निघालेल्या भावाचा निरोप घ्यायचा, बस्स. संवाद अजून लिहायचे होते. अशा वेळी आमच्याकडे नटाला सांगतात, आकडे म्हण, फक्त जीव ओतून म्हण. शब्द नंतर दुसरंच कोणी तरी खोलीत बसून भरतं. नेल्लोने आकडे म्हणून सगळ्या शेडला रडवलं म्हणे.

त्याच हिवाळ्यात तुस्कोलाना रस्त्यावर त्याची स्कूटर ट्रामखाली गेली.

सिनेमा लागला तेव्हा एर्सिलिया सुतकाचे काळे कपडे घालून माझ्यासोबत थिएटरात बसली. नेल्लो पडद्यावर आला, तोंड उघडलं, आणि आतून कुठल्याशा नाटकवाल्याचा गुळगुळीत आवाज आला.

"हा कोण बोलतोय गं माझ्या पोराच्या तोंडातून?" ती मोठ्याने म्हणाली.

मागचे लोक तिला गप्प करू लागले. त्यांचे गळे दाबावेसे वाटले मला. आवाज दुसऱ्याचा असतो हे तिला माहीत नव्हतं का? रोज तेच बघत होती. पण स्वतःच्या पोराच्या बाबतीत कोणती आई असला विचार करते?

दुसऱ्या दिवशी तिने ध्वनिमुद्रणवाल्या बिक्सियोला गाठलं. चित्रीकरणाच्या वेळी एक कच्ची फीत घेतात, आवाज भरणाऱ्यांच्या सोयीसाठी.

"मावशी, त्यात बोलणं नाही हो. नुसते आकडे आहेत."

"असू देत. आवाज त्याचा आहे ना?"

पुसायला काढलेल्या ढिगात ती फीत सापडली. जेवणाच्या सुट्टीत त्याने लावली. आधी हातोड्यांची ठकठक, कोणाचं तरी खोकणं. मग नेल्लो. घोगरा, दाटून आलेला. "चौदा... पंधरा... सोळा..." इथे त्याचा आवाज फुटला. "...अठरा."

एर्सिलियाने माझं मनगट धरलं. "ऐकलंस? गाळलं त्याने!" ती हसत होती. "एवढा बाप्या झाला तरी आईचं ऐकलं!"

मग हसू ओसरलं. "सगळा जन्म ऐकलं गं त्याने माझं," ती म्हणाली, "आणि काय उपयोग झाला?" बिक्सियोने तोंड फिरवलं.

ती फीत तिला मिळावी म्हणून त्याने निर्मात्याच्या माणसांकडे खूप विनवण्या केल्या. फितीची टंचाई आहे म्हणाले, आणि पुसून टाकली. त्यांच्या जिभा झडोत, दुसरं काय म्हणू?

एर्सिलिया पुन्हा टेबलावर आली. शिपायांच्या अंगरख्यांची बटणं मोजून ठेवायचं काम तिचंच. आधी ती मनात मोजायची. आता मोठ्याने मोजू लागली. सोळापर्यंत आली की थांबायची, आमच्या सगळ्यांकडे बघायची, आणि ठणकावून म्हणायची, "सतरा!"

आम्ही माना खाली घालून शिवत राहायचो. तिचं आणखी वाईट व्हायचं काही राहिलंच नव्हतं.