अंगठ्याने पुढे केलेलं पान

दाजींना एक साडू होता, आणि दाजींचं म्हणणं असं की माणसाला काहीही असावं, साडू असू नये.

सासरचे सगळे त्यांना दाजी म्हणत, म्हणून आपणही दाजीच म्हणू. काम चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं. दुकान लांबट, बोळासारखं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, आणि अगदी मागे पडद्याआड अंधारी खोली. तिथे उंच खुर्ची, समोर उजेडातला अक्षरांचा तक्ता आणि लाकडी पेटीत ओळीने लावलेली भिंगं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, खाचेत एक भिंग टाकायचं, ते काढून दुसरं टाकायचं आणि विचारायचं, "आता बरं, की मघाशी बरं?" दिवसभर हेच.

आणि विचारताना आवाज सपाट ठेवायचा. म्हाताऱ्या मालकांनी दाजींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "गिऱ्हाईक भिंगातून बघत नाही रे बाबा, तुझ्या आवाजातून बघतं. तू 'आता'वर जोर दिलास की ते 'आता'च म्हणणार, आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जाणार." दाजींनी हे इतकं अंगी बाणवलं की घरीसुद्धा त्यांचा आवाज सपाट झाला. सकाळी दोन शर्ट हातात धरून ते बायकोला विचारायचे, "हा बरा, की हा बरा?" आणि बायको वैतागून म्हणायची, "तुमचं काय म्हणणं आहे ते तरी कळू द्या!"

आवाजाला धार नव्हती, पण बोटांना होती. चष्म्याच्या दांडीतला तो तिळाएवढा स्क्रू दाजी न बघता बसवत. त्याच बोटांनी संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून ते पत्ते पिसायचे. त्यांचा एक हुकमी प्रयोग होता. पत्ते पंख्यासारखे पसरायचे, समोरच्याला म्हणायचं, घ्या कुठलंही, आणि त्याचा हात पुढे येतो नेमक्या त्या क्षणी आपल्याला हवं ते पान अंगठ्याने केसभर पुढे सारायचं. समोरचा तेच उचलतो आणि शपथेवर सांगतो की मी माझ्या मनाने घेतलं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की घाम फुटतो. दाजींचाही प्रयोग कधीमधी फसायचा. शेजारी मुद्दाम कडेचं पान घ्यायचा, मालक तर खालूनच ओढायचे.

बायकोवर मात्र तो कधी, एकदाही, चुकला नाही.

अगदी पहिल्या दिवसापासून. तिच्या वडिलांचा चष्मा पोचवायला दाजी त्यांच्या घरी गेले होते. चहा येईपर्यंत करायचं काय, म्हणून खिशातले पत्ते काढले आणि दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या मुलीपुढे धरले. तिने एक पान घेतलं. दाजी म्हणाले, "बदामची राणी." होती बदामची राणीच. ती गालात हसली आणि दाजी तिथेच गारद झाले. लग्नानंतरही नवीन काही बसवलं की पहिला प्रयोग तिच्यावर. ती पान घ्यायची, दाजी ओळखायचे, ती म्हणायची, "छान!" आणि पुढच्याच दमाला, "गीझर बंद केलात का?" दाजींना वाटायचं, आमचे सूरच जुळलेत. आणि संसार असाच सुखाचा चालला असता, पण धाकट्या मेव्हणीने लग्न केलं.

तिचा नवरा गाद्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेता. दाजी त्याला मनातल्या मनात गादीवाला म्हणत. त्याची बोटं जाडजूड. पत्ते पिसायला घेतले की निम्मे जमिनीवर, मग हा खुर्चीखाली शिरून गोळा करणार. दाजींना ते बघवत नसे. पण बोलणं! "झोपा हो, पाय सैल सोडा, पाठ आता कशी हलकी वाटायला लागेल बघा," असं तो म्हणायचा, आणि धडधाकट माणूस भर दुकानात आडवा होऊन गादी घेऊन जायचा.

हाच माणूस एका रविवारी सासूबाईंच्या घरी म्हणाला, "ताई, मी तुमच्या मनातलं पान ओळखू का?"

ताई म्हणजे दाजींची बायको. त्याने पत्त्यांची पेटी बंद करून टेबलावर ठेवली आणि नुसता बोलत सुटला. डोळे मिटा, एक पान आणा समोर, घाई नाही. आलं? सांगा मोठ्याने. ती म्हणाली, चौकटची तिर्री. गादीवाल्याने पेटी तिच्याच हातात दिली. तिने पत्ते पसरले तर सगळी पानं सुलटी, एकच उलटं. ती चौकटची तिर्री.

बायकोचा हात तोंडावर गेला. डोळे हे एवढे मोठे झाले. "अगं बाई!" ती म्हणाली, आणि आणखी एकदा म्हणाली, "अगं बाई!"

दाजी मनात म्हणाले, इतकी वर्षं आरशासमोर बोटं झिजवली ती ह्याच हातासाठी, ह्याच डोळ्यांसाठी. आपल्या वाट्याला 'छान' आणि गीझर, आणि ह्या पत्ते सांडणाऱ्या गड्याला 'अगं बाई', तेही दोनदा!

घरी जाताना रस्ताभर तेच. "त्यांनी पत्त्यांना हातसुद्धा लावला नव्हता हो!"

"लावला होता. आधी पिसले, चार पत्ते खाली पाडले, मग पेटीत भरले."

"छे! भावजी स्वतः म्हणाले ना, मी हात लावलेला नाही."

"तो म्हणाला म्हणून? मी समोर बसलो होतो!"

"तुम्हाला मेलं कुणाचं कौतुकच बघवत नाही."

हे शेवटचं खरं होतं, म्हणून फारच लागलं. दुसऱ्या दिवशी दाजी दुकानात आले ते धुसफुसत. एका बाईंचे डोळे तपासताना डोक्यात ती तिर्रीच घोळत होती, आणि तोंडातून निघून गेलं, "हे जास्त स्पष्ट आहे, नाही का?" बाई म्हणाल्या, हो. आठवड्याने बाई परत आल्या, डोकं धरून. नंबर चुकला होता. मालक नुसते बघत राहिले. दाजींनी पुन्हा तपासणी केली, माफी मागितली, आणि भिंग पुसता पुसता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

अरे चोरा! हेच तर करतोय तो!

मग दाजींनी गादीवाल्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि कान लावले. जो रंग हवा त्याची भलामण आधीच चालायची. "छान झळझळीत रंग येऊ द्या, दुरून उठून दिसेल असा." झालं, काळे पत्ते बाद. बोलता बोलता दोन्ही हातांची बोटं हवेत एक चिमुकली टोकदार खिडकी काढायची, हुबेहूब पत्त्यातली चौकट. "राजा, राणी, एक्का सगळेच घेतात, तुम्ही काहीतरी साधं, लहानसं घ्या. वर बघा, मधे बघा, खाली बघा. दिसलं?" आणि म्हातारं माणूस असलं की बोलणं मायेचं व्हायचं, पोर असलं की गमतीजमतीचं. पान कधी निराळं, कधी तेच, युक्ती मात्र एकच. शेवटी वर साळसूदपणे, "मी काही सुचवलं नाही, तुम्ही मोकळ्या मनाने निवडलंत, हो ना?" ह्या 'हो ना'ला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

दाजींनी हे बायकोला सांगितलं का? छे. सांगून ती म्हणाली असती, जळता तुम्ही. तिच्या डोळ्यांदेखत तो तोंडावर पडायला हवा होता.

संधी आली सासूबाईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला. केक कापून झाला, कपबशा आवरल्या, आणि सासूबाईच म्हणाल्या, "जावईबापू, ते मनातलं ओळखायचं करा ना!" गादीवाला लाजल्यासारखं करत उठला. पेटी टेबलावर ठेवली. कोण येतंय, म्हणून नजर फिरवली, तर दाजी आधीच पुढे सरसावलेले.

"साडूभाऊ, तुम्ही? वा वा! या, बसा."

दाजी बसले. गादीवाला बोलू लागला. झळझळीत रंग आला, बोटांची खिडकी आली, वर बघा, मधे बघा, खाली बघा. आणि खरं सांगायचं तर दाजींनाही ते पान दिसलं. सगळं माहीत असून, दात-ओठ खात बसलेले असून, चौकटची तिर्री डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. त्याचा तर आणखीनच संताप आला.

"दिसलं? सांगा आता."

दाजींनी चष्मा बोटाने वर ढकलला. "किलवरची नव्वी."

गादीवाल्याचा चेहरा क्षणभर फिका पडला. सासूबाईंनी हौसेने पेटी उघडली, पत्ते पसरले. उलटं पान एकच. ते सुलटं केलं, चौकटची तिर्री.

 मेव्हणीने मान खाली घातली आणि हातातला रिकामा कप उगाच फिरवत राहिली. "हुकलं बुवा!" गादीवाला हसून म्हणाला, पण हसू काही त्याच्या गालापर्यंत पोचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या हो, एखादे वेळी होतं असं." जिचा वाढदिवस, तिच्यावरच जावयाची समजूत घालायची पाळी आली होती. आणि दाजी? दाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात मेव्हणी फणकाऱ्याने म्हणाली, "मग दाजी, तुम्ही दाखवा ना काहीतरी!"

दाजींना हेच हवं होतं. पत्ते खिशात होतेच. त्यांनी ते असे काही पिसले की सगळे बघत राहिले. मग पंखा उघडला आणि बायकोपुढे धरला. तिच्यावर प्रयोग कधी चुकत नाही ना! बदामची राणी मध्यावर, अंगठ्याखाली तयार. पहिल्या दिवशीचंच पान. आज तिचा हात तोंडावर गेलाच पाहिजे.

"घे. कुठलंही."

बायकोने हात पुढे केला. दाजींच्या अंगठ्याने राणी केसभर पुढे सारली. बायकोचा हात तिथे आला, थांबला. तिने दाजींकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. मग तो हात तसाच पुढे गेला आणि अगदी कडेचं पान घेऊन परत आला.

आता माघार कशी घेणार? सगळे बघत होते. "बदामची राणी," दाजी म्हणाले. आवाज दुकानातल्यासारखा सपाट लागला.

तिने पान सुलटं केलं. इस्पिकची सत्ती.

कुणीतरी खुदकन हसलं. गादीवाला मात्र नाही. तो घाईघाईने उठला आणि म्हणाला, "अहो थांबा, साडूभाऊंनी अजून ओळखलंय कुठे? ते नुसतं विचारत होते, हो ना ताई? खरा प्रयोग पुढेच आहे!" दाजींना सांभाळून घ्यायला बघत होता. तोंड लपवायला जागा द्यावी ती त्याने! दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. पत्ते खिशात कोंबून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

घरी पोचल्यावर जिना चढून दाजींनी कुलूप काढलं, दिवा लावला, आणि चपला काढायच्या आत त्यांचा बांध फुटला.

"मुद्दाम केलंस तू!"

"हो," बायको म्हणाली. "आणि तुम्ही?"

"मी काय केलं? मला नव्वी दिसली, मी नव्वी म्हटलं."

"चष्मा वर ढकललात तेव्हाच कळलं मला. खोटं बोलताना नेहमी ढकलता." तिने पर्स खुंटीला अडकवली. "आईचा वाढदिवस होता हो. तिला केवढी हौस होती! भावजी बिचारे पान पुढे करत होते, घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं? म्हटलं, आज आपणही तुमच्यासारखंच घ्यावं."

दाजी तावातावाने काहीतरी बोलायला गेले आणि मधेच अडकले. पुढे केलेलं पान. हिला कसं माहीत, पान पुढे करतात ते?

"तुला... माझा अंगठा..."

"दिसतो."

"कधीपासून?"

"बाबांचा चष्मा घेऊन आलात तेव्हापासून. केवढा थरथरत होता! ती राणी नुसती लटपटत बाहेर आली होती. म्हटलं, घेऊन टाकावं बिचाऱ्याचं."

दाजी स्टुलावर बसले. सगळे प्रयोग एकेक करून डोळ्यांपुढून गेले. आरशासमोरच्या संध्याकाळी, ते न चुकलेलं, कधीच न चुकलेलं पान. आणि तरीही मनातला तो सल गेला नाही, तो आधी बाहेर आला. "आणि त्याच्या वेळी तोंडावर हात जातो तो? अगं बाई, अगं बाई?"

"भावजी पान पुढे करतात एवढं कळतं, पण कसं ते नाही कळत. म्हणून जातो हात." ती स्वयंपाकघराकडे वळली. "तुमचं पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. तरी घेत आले ना?"

दाजींच्या खिशातले पत्ते मांडीला टोचत होते. ते बाहेर काढून त्यांनी विचारलं, आणि ह्या वेळी त्यांचा आवाज सपाट राहिला नाही, "मग... आता पुढे घेशील?"

आत पाण्याचा नळ चालू झाला, बंद झाला.

"आधी धाकटीकडे फोन करा," बायको म्हणाली. "भावजींना सांगा काय दिसलं होतं ते. मग बघू."

दाजींनी फोन उचलला. पलीकडे गादीवाल्याचा आवाज आला, नेहमीसारखा मऊ. दाजींचं बोट सवयीने चष्म्याकडे गेलं. बायको दारात उभी होती. त्यांनी हात खाली घेतला.

"साडूभाऊ," दाजी म्हणाले, "तिर्री होती. चौकटची."