पिवळ्या पाण्याची मूठ

"लाल काय बघता, वहिनी? राखण पिवळं करतंय," असं म्हणत आपा काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरायच्या. तळाशी गोठलेलं रक्त, वर पातळ तुपासारखं पाणी. जुन्नरच्या पेठेत त्यांची रक्त-लघवी तपासायची खोली होती. अख्खा बाजार त्यांना आपाच म्हणायचा. तुम्ही तिथं कधी दंड पुढं केला असेल, तर ती नळी बघितल्याशिवाय तुमचीही सुटका झाली नसेल.

आमची ओळख झाली माझ्या अकलेमुळं. तिशीतली मी म्हणजे गावची बिनपगारी डॉक्टरीण. मानेवर नायटा उठला. बागेत द्राक्षांवर बुरशी आली की आम्ही मोरचूद-चुन्याचं पाणी फवारतो. म्हटलं, वेल जगतो तर मान का नाही? पंपात उरलेलं पाणी चांगलं चोळलं. मान भाजली, निळी झाली, नायटा मजेत.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि साखर तपासायला आपांकडं धाडलं. माझी मान बघून त्या भिंतीला टेकून हसल्या. "वहिनी, घड कधी लागणार?"

मग नळी उजेडात. "नायटा वरच्या मेल्या कातडीतच चरतो. खाली ह्या पाण्यापुढं त्याची डाळ शिजत न्हाई. बुरशीला वाढायला लोह लागतं, आन् हे पाणी लोह मुठीत धरून बसतंय. साखर लई चढली, तरच मूठ सैल."

माझी साखर बरी निघाली. खुद्द आपांना मात्र मधुमेह, आणि चहा असा गोड की चमचा उभा राहावा.

"आपा, तुमची मूठ?"

"लोखंडी हाय. चहा गार होतोय, प्या."

करोनात त्या दवाखान्यातून वाचून आल्या, पण तिथल्या औषधांनी साखर पार चढलेली. भेटायला गेले तर एक गाल सुजलेला, बधिर. नाकातून काळपट येत होतं.

"दाढ दुखतीया," म्हणाल्या.

"दाढ? आपा, मला शिकवलंत ते विसरलात? बुरशी आत शिरलीय."

त्यांनी सुजल्या गालावर पदर ओढला. मग हळूच म्हणाल्या, "ठाऊक हाय. डोळा काढत्यात वो, वहिनी."

"मग काय जीव देताय? उठा!"

मीच गाडी बोलावली. पुण्यात डावा डोळा गेला, आपा राहिल्या. परत आल्यावर मला ओढून उजवीकडं बसवलं. "तिकडनं तुमी दिसत न्हाई, नुसती बडबड ऐकू येती."

मागच्या वर्षी लेक त्यांना कल्याणला घेऊन गेली. एसटीत जागा मिळाली ती डावीकडच्या खिडकीशी. मी खाली उभी राहून हात हलवतेय, आणि त्या सरळ समोर बघतायत. गाडी हलली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. "आपा!" म्हणून ओरडले.

आपा कंबरेतून वळल्या, अख्खा चेहरा खिडकीच्या गजांना लावला आणि गर्दीत मला शोधू लागल्या.