प्रोटॉनचं वजन आणि माझा भाऊ

मैत्रिणींनो, आज दुपारी कशेळीला भावाकडे गेले होते. त्यानेच बोलावलं होतं. त्याच्या लेकीला, मनालीला, संशोधनासाठी जर्मनीला जायचंय. "तू शिकलेली हायस ताई, तुझंच ऐकंल ती. नको जाऊ म्हणून सांग," असं त्याचं म्हणणं.

मनाली प्रोटॉनच्या आत काय चालतं ते शोधणार आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फळ्यावर प्रोटॉन म्हणून एक भरीव ठिपका काढायच्या. मी तो वहीत लाल पेन्सिलने रंगवायची. आत काही असेल असं कधी मनातही आलं नाही.

"आत क्वार्क नावाचे कण असतात आत्या, आणि त्यांना ग्लुऑन बांधून ठेवतात," मनाली म्हणाली. "पण क्वार्कांच्या वजनांची बेरीज केली, तर ती प्रोटॉनच्या वजनाच्या जवळपासही जात नाही."

भावाची गोदामं आहेत. रोज काट्यावर माल चढवणारा माणूस तो. हातातला चहा ठेवून पुढे सरकला.

"म्हंजे आतला माल हलका नि काट्यावर वजन भारी? असं न्हाय होत. बाकीचं कुठनं आलं?"

"आतल्या धावपळीतून, बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेतून. पण कुणाचा वाटा किती, ते अजून पुरतं कळलेलं नाही पप्पा. त्यासाठीच जायचंय."

त्याने ठेवलेला चहा उचलून एका घोटात संपवला. मग म्हणाला, "तिकडं थंडी जाम असंल ना गो?"

मला काही सांगावंच लागलं नाही. मुलींच्या अभ्यासाबद्दल आपण 'उपयोग काय' एवढंच विचारतो. तुमच्या घरी कधी कुणी "असं कसं होतं?" म्हणून विचारलंय का?