उघड्यावरची फणी

कारखान्यात तिला सगळे 'फणीवाली' म्हणायचे आणि ते नाव तिला आवडायचं. तिथं जवसाच्या काड्यांतून लिननचा धागा निघायचा. मुळासकट उपटलेलं जवस डबक्यात भिजत घालायचं, साल सुटली की वाळवायचं, झोडपून काडीचा भुसा पाडायचा आणि मग ते तिच्या खोलीत यायचं. फळीवर उभ्या ठोकलेल्या लोखंडी दातांतून जुडी ओढायची, आधी विरळ फणीवर, मग दाट. लांबसडक तंतू हातात राहायचे, त्यांच्या चादरी आणि सदरे व्हायचे. दातांत अडकलेला आखूड गुंता सुतळीला जायचा.

आणि धूळ बायकांच्या छातीत जायची. खोलीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. वाऱ्यानं तंतू उडतात, कोरडे पडून तुटतात, असं मुकादमाचं म्हणणं. घरी गेल्यावर सासू उंबऱ्यातच अडवायची, "आधी केस झटक. धागा काढतेस की पीठ दळतेस?"

शेजारच्या फणीवर तिची धाकटी जाऊ बसायची. फणीवालीनंच तिला कामाला लावलं होतं. जाऊ खळखळून हसणारी. पण वर्षभरात हसता हसता तिला ढास लागायला लागली. सुटीनंतरचा सोमवार सगळ्यात वाईट. छातीवर कुणी जातं ठेवलंय, असं ती म्हणायची.

"सोमवारचा खोकला म्हणजे रविवारचा आळस," मुकादम हसला. "मंगळवारी कसा बरा होतो?"

"बरा होत नाही, मुकादम. मंगळवारी तो अंगवळणी पडतो," फणीवाली म्हणाली. "खिडक्या उघडा."

"तुझ्या बापाचा कारखाना आहे का?"

पुढच्याच सोमवारी जावेला अशी उबळ आली, की तोल जाऊन तिचा तळवा फणीच्या दातांवर पडला. बायका धावल्या. मुकादमही धावला, पण त्यानं आधी जुडी उचलली. "सांभाळा, रक्ताचा डाग पडेल!"

फणीवालीनं जावेच्या हाताला पदर गुंडाळला, तिला भिंतीशी बसवलं आणि तडक सुताराकडे गेली.

"पक्कड द्या."

"कशाला?"

"दात उपटायचेत."

"कोणाचे?" सुतार दचकला.

"ते अजून ठरलं नाही."

स्टुलावर चढून तिनं खिळे उपटायला सुरुवात केली. गंजलेले खिळे किंचाळत निघाले. पहिली खिडकी उघडली तशी वाऱ्याची झुळूक आत शिरली आणि अख्ख्या खोलीत तंतू भुरुभुरु उडाले.

"खाली उतर! नुकसान कोण भरणार?" मुकादम ओरडला.

"तंतू उडाला तर निदान डोळ्यांना दिसतो," ती वरूनच म्हणाली. "हिचा जीव उडाला असता, तर तुम्हाला कळलं तरी असतं का?"

तिनं तिसरी खिडकी उघडली आणि मगच ती उतरली. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. नवरा डोक्याला हात लावून बसला. "माफी मागून टाक. शब्दच तर आहेत."

"माफी कसली?" आतून सासू कडाडली. "सून माझी आहे, कारखान्याची नाही!"

म्हातारीनं कधी आपली बाजू घेतल्याचं फणीवालीला आठवत नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम खिळे ठोकायला आला, तर खोलीत एकही बाई नाही. सगळ्या आवारात हाताची घडी घालून उभ्या. शेवटी मालकाला यावं लागलं. बायकांनी सांगितलं, खिडकीवर ओलं गोणपाट टांगा, वारा येईल आणि तंतूही सुकणार नाही. मालकानं बरीच कुरकुर केली, पण मानलं. फक्त फणीवालीला परत घ्यायचं तर तिनं सगळ्यांसमोर माफी मागायला हवी, ही अट काही सोडली नाही.

ती गेलीच नाही. कारखान्यातून बाहेर विकला जाणारा गुंता तिनं आणायला सुरुवात केली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःची फणी ठोकली. हात बरा झाल्यावर जाऊही सूत कातायची चाती घेऊन तिच्याजवळ बसायला लागली. दोघींनी पीळ घालून, मेण लावून धागा केला आणि चांभाराकडे नेला. त्यानं तो भिजवला, दातांत धरला, हिसके दिले.

"ओला झाल्यावर आणखीच चिवट झाला की हा! कुठल्या कारखान्याचा?"

"कारखान्याचा नाही, आमचा," जाऊ म्हणाली.

चांभारानं सांगितलं म्हणून पुस्तकं बांधणारा आला, मग घोड्यांचे साज शिवणारा. सुरुवातीला कितीतरी दिवस हातातोंडाची गाठ पडणं अवघड होतं, पण चूल विझली नाही. जावेचा खोकला मात्र पुरता गेला नाही. थंडी पडली की छाती वाजायचीच.

मुकादमाचा निरोप अधूनमधून यायचा, "माफी माग, तुझी फणी रिकामीच आहे."

"रिकामी असेल तर म्हणावं तुम्हीच बसा," ती सांगून पाठवायची.

जाऊ हसायची, हसता हसता खोकायची आणि खोकला थांबला की पुन्हा हसायची. फणीवाली तिला पाण्याचा तांब्या द्यायची आणि पुढची जुडी उचलायची.