सरोवरावरून एकटी परतलेली मुलगी

त्या मायलेकींच्या सुट्टीची केस माझ्या मनातून अजून उतरलेली नाही. ऑकलंडच्या पोलीस दलात मी वीसेक वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर कोणी "एखादी केस सांगा" म्हटलं, की मला हीच आठवते. हिच्यात आरोपी नव्हता. कुणाला अटक झाली नाही. नावं मी इथे कुणाचीच देणार नाही.

२०१६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी आमच्याकडे आठवड्याच्या कामाचं वाटप होई. त्या दिवशी आमच्या इन्स्पेक्टरने एक पातळ फाइल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "ही तूच घे. घरात मराठी बोलतात."

शहराच्या फ्लॅट बुश या उपनगरात राहणारं एक कुटुंब. नवरा पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, बायको शहरात बँकेत, आणि नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी. इटलीच्या उत्तरेला डोंगरांनी वेढलेली मोठमोठी सरोवरं आहेत. त्यांतलं एक पाहायची बाईंची फार वर्षांची इच्छा होती. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, शाळेच्या सुट्टीत मायलेकी दोघीच गेल्या. सुट्टी अर्धी झाली आणि बाई सरोवरात बुडून वारल्या. नवरा तिकडे गेला, मुलीला आणि पत्नीचा मृतदेह घेऊन परतला.

मृतदेह देशात आणला की इथला कॉरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा न्यायाधिकारी, पोलिसांकडून अहवाल मागवू शकतो. आपल्याकडच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीसारखाच हा प्रकार. इटलीच्या पोलिसांनी 'अपघात' असा निष्कर्ष काढला होता. मला फक्त नवऱ्याचा जबाब घ्यायचा होता. दोन दिवसांचं काम, असं मी धरून चाललो होतो.

मी जबाबाची वेळ ठरवायच्या आतच फोन आला.

"तुम्ही मराठी आहात ना?" एका बाईंचा आवाज. "मी तिची मोठी बहीण बोलतेय. इथेच असते, ऑकलंडला."

मी म्हटलं, "बोला, ताई."

"माझी बहीण पाण्याला घाबरायची हो. इथल्या बीचवर सगळे पाण्यात, आणि ही चपला हातात घेऊन वाळूत उभी. घोट्याच्या वर पाणी तिने कधी येऊ दिलं नाही. ती सरोवरात उतरेल कशाला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग त्या म्हणाल्या, "तिने जीव दिला. आणि त्याला कारण माझा मेहुणा. त्या दोघांचं वर्षभर पटत नव्हतं. आता तो मला माझ्या भाचीला भेटू देत नाही. दारातून परत पाठवतो. लपवण्यासारखं काही नसेल, तर मूल का लपवतो?"

प्रश्न बिनतोड होता. मी फाइल पुन्हा काढली आणि इटलीच्या अहवालाचं भाषांतर नीट वाचलं. बाई सापडल्या तेव्हा त्यांच्या अंगावर जीन्स, शर्ट, पायांत बूट होते. पोहायला उतरणारा माणूस बूट घालून उतरत नाही. मुलीच्या या मावशींचा संशय मला खरा वाटू लागला.

नवऱ्याला मी पोलीस स्टेशनवर बोलावलं. वय चाळिशीच्या आसपास, दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. मी मराठीत सुरुवात केली तेव्हा त्याचे खांदे थोडे सैल पडले. पाणी दिलं, तो प्यायला नाही.

"मुलगी त्या वेळी कुठे होती?" मी विचारलं.

"हॉटेलच्या खोलीत. झोपली होती."

"दुपारी?"

"प्रवासाचा शीण होता, सर. तिने काही पाहिलं नाही."

"अहवालात लिहिलंय की हॉटेलच्या मालकिणीने तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं. ती ओली होती."

"आंघोळ केली असेल."

"झोपली होती म्हणालात."

"उठून केली असेल."

चौकशीच्या खोलीत खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कोणी आवाज चढवतं, कोणी रडतं, कोणी उलट प्रश्न विचारतं. हा माणूस टेबलाच्या कडेकडे पाहत एकेक उत्तर पुढे ठेवत होता.

शेवटी मी सरळच विचारलं, "तुमच्यात भांडणं होती?"

"होती."

"तुमच्या मेहुणीचं म्हणणं आहे की त्या पाण्यात पडल्या नाहीत. त्यांनी जीव दिला, तुमच्यामुळे."

मला वाटलं, आता हा उसळेल. निर्दोष माणूस उसळतो, आणि दोषी माणूस तर जास्तच उसळतो. पण त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "लिहा तसं."

"काय लिहू?"

"माझ्यामुळे गेली. मी त्रास दिला. मी सही करतो. पण मग ही फाइल बंद होईल ना? मुलीला कोणी काही विचारायचं नाही."

मी लिहिणं थांबवलं. स्वतःवरचा आरोप एवढ्या घाईने मागून घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हा स्वतःला वाचवत नव्हता. दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता, आणि त्या घरात दुसरं माणूस एकच उरलं होतं.

सही मी घेतली नाही. नियमाप्रमाणे मुलांचा जबाब असा कुणीही अधिकारी घेऊ शकत नाही. त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेली माणसं असतात, आणि पालकाची संमती लागते. ती मागायला मी दोन दिवसांनी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. दुपारी शाळा सुटून गेली होती. नवी वस्ती, सारखी दिसणारी मोठी घरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार मुलीनेच उघडलं. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. एक उंच, एक खाली. वडिलांना वेण्या घालायची सवय नसावी.

मी म्हटलं, "बाबा आहेत का घरात?"

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि एका दमात म्हणाली, "आय वॉज अस्लीप."

मी झोपले होते. मी तिला काही विचारलंच नव्हतं.

आतून वडील धावत आले, तिला खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ओट्यावर जळका कुकर पाण्यात भिजत ठेवला होता.

"मी फक्त बाबा घरात आहेत का विचारलं," मी हळू म्हणालो. "पोलीस आहे हेही सांगितलं नव्हतं. दारात कुणीही आलं तरी ती हेच सांगते का?"

त्याने मान खाली घातली.

"हे वाक्य तुम्ही तिला दिलंत. तिने ते पाठ केलंय. शाळेत, मावशीपुढे, उद्या मोठी होऊन नवऱ्यापुढे, किती वर्षं म्हणत राहायचं तिने?"

तो माणूस रडला. ते रडणं इतके दिवस अडवून धरलेलं होतं, हे कळत होतं. मी उठून खिडकीपाशी उभा राहिलो. शांत झाल्यावर त्याने सांगितलं.

मुलगी उत्तम पोहायची. इथे शाळेतच शिकवतात, आणि ही तर शाळेच्या चमूत होती. त्या दुपारी आई काठावरच्या बाकावर बसली होती आणि ही टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे घालून होड्या उतरवायच्या उताराशी खेळत होती. तिथे पाणी तिच्या छातीभर. आईची गंमत करावी म्हणून ती तोंड पाण्यात घालून, हातपाय सोडून निपचित तरंगली. आईने हाक मारली. हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईने पुन्हा हाक मारली. मग आई बाकावरून उठली आणि होती तशी, बुटांसकट, समोरच्या पाण्यात धावली. उताराकडून वळून आली असती तर तिला पाणी कमरेच्या वर आलं नसतं. पण ती सरळ धावली, आणि तिथे काठापासून चार पावलांवर तळ एकदम तुटत होता.

"हिने डोकं वर काढलं तेव्हा ती गटांगळ्या खात होती," तो म्हणाला. "हिने शर्ट धरला. तो हातातून सुटला. मग हॉटेलकडे पळाली. मी तिथे पोचलो तेव्हा मला म्हणाली, बाबा, इट वॉज जस्ट अ जोक."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, लोक मला नावं ठेवतील तर ठेवू देत. बायकोचा जीव घेतला म्हणू देत. पण 'हिच्यामुळे हिची आई गेली' हे वाक्य हिच्या कानावर पडता कामा नये."

"तिच्या कानावर ते रोज पडतंय," मी म्हटलं. "ती स्वतःच स्वतःला म्हणतेय. फक्त एकटी."

त्याने संमती दिली.

जबाब माझ्या एका माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, सहकारी बाईंनी घेतला. मऊ कोच, रंगीत उशा, भिंतीत कॅमेरा असलेली ती खोली. "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांनी मुलीशी ओळख करून घेतली आणि बराच वेळ तिच्या मांजराबद्दल बोलल्या. मी आणि वडील शेजारच्या खोलीत पडद्यावर पाहत होतो. मुलगी इंग्रजीत सांगत होती. आईचे शब्द आले की तेवढे मराठीत. "आई म्हणाली, 'ए, पुरे आता, वर बघ.' मग म्हणाली, 'बाळा?'"

तिथे ती थांबली. वडिलांनी तोंडावर हात घेतला.

सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "ॲम आय गोइंग टू जेल?"

माझ्या सहकारी बाई खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "तू खेळत होतीस. खेळणं हा गुन्हा नसतो." आणि मुलगी कोचावर तशीच कलंडून झोपून गेली. वडील म्हणाले, परत आल्यापासून ती अशी झोपली नव्हती.

माझा अहवाल कॉरोनरकडे गेला. निर्णयात अपघातच लिहिला गेला. मुलगी संकटात आहे असं समजून आई मदतीला गेली, एवढंच. गमतीचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. चौकशीला तेवढं पुरेसं होतं.

मावशींना सांगायचं काम उरलं. वडिलांनी त्यांना आपल्या घरी बोलावलं आणि मलाही यायला सांगितलं. त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. मावशी खुर्चीचे हात धरून ऐकत होत्या. मला भीती होती त्यांच्या पहिल्या शब्दाची.

"म्हणजे तिला मरायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई," मी म्हटलं.

"मी इतके दिवस... मला वाटत होतं, मला एक फोन तरी करायला हवा होता तिने." त्या बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिल्या. मग मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मी काय काय बोलले हो." त्याने उठून लेकीच्या खोलीचं दार उघडलं.

मुलगी पलंगावर बसली होती. मावशी शेजारी जाऊन बसल्या. मुलीने त्यांच्याकडे न पाहता विचारलं, आणि या वेळी मराठीत विचारलं, "मावशी, मी नंतर उभी राहिले होते. आईने मला उभं राहिलेलं पाहिलं का?"

आम्ही दोघं दारातच उभे होतो. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. मीही तेच म्हटलं असतं.

मावशी म्हणाल्या, "मला माहीत नाही गं, बाळा. मी तिथे नव्हते." आणि तिला जवळ ओढलं. "पण तिच्या जागी मी असते ना, तर मीही तशीच धावले असते. पाण्याला घाबरते मीसुद्धा." मुलगी त्यांच्या कुशीत शिरून मोठ्याने रडायला लागली. तिचं रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

खोटं पकडणं हा माझा व्यवसाय होता. खोटं बोलणाऱ्याकडे लपवण्यासारखा गुन्हा असतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ते बहुतेक वेळा खरंही असतं. या बापाकडे गुन्हा नव्हता, माया होती, आणि त्या मायेने त्याने आपल्या लेकीला एका अंधाऱ्या खोलीत बंद करून बाहेरून कडी लावली होती. त्यानंतर कुठल्याही घरात मूल गप्प दिसलं, की मी आधी विचारायचो, याला गप्प राहायला कोणी सांगितलंय, आणि कोणाच्या भल्यासाठी.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याही चौकशीतून मिळालं नसतं. सरोवराच्या काठावर त्या वेळी दोघीच होत्या.