परतीचा आहेर

आमच्या युनियनच्या ऑफिसात एक पितळी ताट आहे. गणपतीत आरतीला, खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेला आणि एरवी कुणाच्या सत्काराचा नारळ ठेवायला ते बाहेर निघतं. हल्ली ते ताट मला बघवत नाही.

मी वीज कंपनीत लाइनवर आहे. बाई असून लाइनवर, असं लोक म्हणतात. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूच्या सेक्शन ऑफिसात मी रुजू झाले तेव्हा पर्मनंट मंडळींनी माझ्यापुढे तक्रारींचा फोन सरकवला. "ताई, तुम्ही खुर्चीत बसा. उन्हात कशाला काळ्या पडता?" भरतीला मी सगळ्यांच्या देखत पोलवर चढून दाखवलं होतं. पण ते भरतीपुरतं झालं. पुढे कितीतरी महिने मी फक्त लोकांच्या शिव्या ऐकल्या. कुणाचा पंखा बंद, कुणाचा पाण्याचा पंप बंद, आणि शिव्या मला.

मला त्या खुर्चीतून उठवलं ते दादाने. दादा म्हणजे आमच्याकडचा कंत्राटी लाइनमन, मूळचा नगरकडचा, चाळिशीला टेकलेला. एकदा साहेब दौऱ्यावर आणि बाकीचे एका लग्नाला गेलेले असताना तक्रार आली. त्याने सेफ्टी बेल्ट माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "चला ताई. तुम्ही वर, मी खाली." बस, एवढंच. मी वर गेले, काम करून खाली आले, आणि नंतर मला फोनवर बसवायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्याकडची रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लाइन पर्मनंट माणसाच्या नावावर असते, पोल कंत्राटीच्या वाट्याला. पर्मनंट खाली बाइकला टेकून मोबाइल बघत उभा राहतो, त्याला सुपरविजन म्हणतात. कंत्राटी वर लटकतो. तो कंपनीचा नाही, माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा. त्याला युनियनमध्ये घेत नाहीत, नियमात बसत नाही म्हणे. गणपतीची वर्गणी मात्र त्याच्याकडून न चुकता घेतात, ती नियमात बसते.

आता गंमत ऐका. आमच्या युनियनचा सेक्रेटरी खाजगीकरणाच्या विरोधात गेटवर असा काही बोलतो की अंगावर काटा यावा. आणि आम्हाला माणसं पुरवणारा कंत्राटदार हा त्याचा सख्खा मेहुणा. एकाच बंगल्यात राहतात, खाली एक, वर एक. सगळ्या सेक्शनला ठाऊक आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मी एकदा तोंडावर विचारलं, तर सेक्रेटरी गोड हसून म्हणाला, "ताई, घर वेगळं, लढा वेगळा."

मला या सगळ्याची किळस येते ती उगाच नाही. मी मोहन्याला, कारखान्याच्या वस्तीत वाढले. बाबा कामगार. त्यांचं युनियनचं कार्ड आमच्याकडे देव्हाऱ्याखालच्या खणात असायचं, रेशन कार्डाच्याही वर. संप म्हणजे घरात डाळ पातळ होणार हे आम्हा पोरांना कळायचं, पण बाबांची मान ताठ असायची. तेच डोक्यात घेऊन मी पहिल्याच पगारात सभासद झाले. नसतेच झाले तर आज एवढं जिव्हारी लागलं नसतं.

तर, संप ठरला. आमच्या भागातली वीज खाजगी कंपनीला देण्याचं घाटत होतं, त्याविरुद्ध. मागणी बरोबर होती, आजही मी तेच म्हणेन. सेक्रेटरीने कंत्राटी पोरांनाही गोळा केलं आणि म्हणाला, "तुम्ही आपलीच माणसं. एक दिवस आमच्याबरोबर उभे राहा, मग बोलणीत पहिला विषय तुमचा." आणि संध्याकाळी त्याच बंगल्याच्या वरच्या मजल्यावरून कंत्राटदाराचा मेसेज आला. उद्या जो कामावर येणार नाही, त्याने परवाही येऊ नये.

दादा पेचात सापडला. नवी भरती निघाली की जुन्या कंत्राटी लोकांना अनुभवाचे गुण मिळणार, असं तेव्हा बोललं जात होतं. वय निघून चाललेलं. त्याच्यासाठी पर्मनंट व्हायची ही शेवटची संधी होती, आणि त्यासाठी त्या दिवशी कामावर असणं भाग होतं. अर्धं आयुष्य पोलवर घालवलं ते या एका आशेवर.

"दादा, नका जाऊ," मी म्हटलं. "सगळे एकत्र राहिलो तरच काही होईल."

"ताई, तुम्ही संपावर गेलात तर एक दिवसाचा पगार जाईल," तो म्हणाला. "मी गेलो तर मीच जाईन."

हिशोब त्याचा बरोबर होता. तरी खरं सांगते, मला त्याचा राग आला होता.

संपाच्या दिवशी आम्ही सगळे गेटवर. घोषणा, झेंडे, वडापाव. दुपारी मानपाडा रस्त्यावरच्या एका छोट्या हॉस्पिटलची लाइन गेली. पोलवरचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळालेला. साहेबांनी कंत्राटदाराला फोन केला, कंत्राटदाराने दादाला, आणि दादा चढला. बातमी गेटवर यायला कितीसा वेळ लागणार? "गद्दार!" असा एकच गिल्ला झाला. सेक्रेटरीने हात वर केला आणि म्हणाला, "शांत राहा. आपण त्याला बांगड्यांचा आहेर करू."

लोकांना काय, निमित्तच हवं होतं. कुणी धावत जाऊन डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या, कुणी नारळ. सेक्रेटरीच्या घरून साडी आणि ब्लाउज पीस आला. ऑफिसातून ते पितळी ताट निघालं. हळद, कुंकू, सगळं साग्रसंगीत. लग्नघर वाटावं इतका उत्साह. मग सेक्रेटरी ताट घेऊन माझ्यासमोर आला.

"ताई, तुम्ही द्या. बाईच्या हातून शोभतं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बांगड्या म्हणजे भित्रेपणा ना? मग मी रोज पोलवर काय भित्रेपणा करायला चढते? मला आहेर करायचा झाला तर काय आणाल, धोतर?"

"अहो, तुम्ही वेगळ्या," तो म्हणाला. "तुम्ही म्हणजे आमच्यातला पुरुषच."

सगळे खो-खो हसले. त्याला वाटलं, आपण कौतुक केलं. मी ताटाला हात लावला नाही.

एवढ्यावर थांबतील तर ते कसले. ऑफिसात झाडू मारणाऱ्या मावशी भिंतीशी उभ्या होत्या. त्याही कंत्राटीच, त्याच मेहुण्याच्या. मावशींना नवरा नाही. दर संक्रांतीला युनियनच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं तेव्हा सतरंज्या घालायला मावशी लागतात, आणि सतरंज्या घालून झाल्या की त्यांनी बाहेर जाऊन बसायचं. कुंकवाच्या वाटीला त्यांची सावलीसुद्धा नको असते या लोकांच्या बायकांना. आणि त्या मावशींच्या हातात सेक्रेटरीने हिरव्या बांगड्यांचं ताट ठेवलं. "चला मावशी, मान तुमचा."

मावशी काय बोलणार? पदर खोचला आणि निघाल्या. मागून पन्नासभर बाप्ये घोषणा देत. मी पण गेले. का गेले, मला माहीत नाही, पण मावशींना एकटं सोडवेना.

दादा पोलवरच होता. खाली एवढा दंगा चाललेला, पण त्याने हातातलं काम सोडलं नाही. जंपर जोडला, पक्कड कमरेला लावली आणि सावकाश खाली उतरला. मावशींनी धरलेलं ताट कललं होतं आणि नारळ घरंगळत कडेला आला होता. दादाने हातमोजे काढले, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि हळूच म्हणाला, "द्या मावशी. पडेल." मग साडी, बांगड्या, ब्लाउज पीस आणि नारळ त्याने आपल्या हत्यारांच्या पिशवीत ठेवले, ताट मावशींना परत दिलं आणि पिशवी खांद्याला मारून चालू लागला. आमच्या शूरवीरांचा जरा विरस झाला. तो रडेल, चिडेल, अंगावर येईल, असं त्यांना वाटलं होतं.

हॉस्पिटलात दिवे लागले. परत येताना आमच्यातल्याच एकाने हॉस्पिटलखालच्या मेडिकलमध्ये, त्याच लाइनवरच्या फ्रिजमधली, थंड पाण्याची बाटली घेतली. त्याला काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

संप त्याच रात्री मिटला. आश्वासन मिळालं, समिती नेमली, हारतुरे झाले. कंत्राटींचा विषय बोलणीत पहिला सोडाच, शेवटचाही नव्हता. पण संप मोडणाऱ्यावर काहीतरी कारवाई व्हावी अशी लोकांची मागणी होती, आणि सेक्रेटरीला लोकांचं मन मोडवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मेहुण्याने दादाला कमी केलं. कामावर आला नाहीस तर काढीन, असं ज्याने कळवलं होतं, त्यानेच तो कामावर आला म्हणून काढलं.

मी तरातरा सेक्रेटरीकडे गेले. "तुमच्याच माणसाने त्याला बोलावलेलं. आता तुम्हीच त्याला परत घ्यायला लावा."

"ताई, ते कंत्राटदाराचं अंतर्गत प्रकरण," तो म्हणाला. "युनियन त्यात कशी पडणार? तो आपला सभासद आहे का?"

त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी उठून आले.

दादाला पुढे ठाण्यात कोलशेतला एका मोठ्या सोसायटीत काम मिळालं. पंप, जिने, पार्किंगमधले दिवे. भरतीचं, अनुभवाच्या गुणांचं नावच संपलं. दिवाळीनंतर मी त्याच्या घरी गेले. सोसायटीच्या मागच्या गावठाणात चाळीतली एक खोली. दादा उंबऱ्यात बसून शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बघत होता. वहिनींनी चहा ठेवला. मी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. हातात त्याच हिरव्या बांगड्या. अंगावर तीच साडी.

वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "काही म्हणा ताई, तुमची माणसं चांगली. निघताना साडीचोळीचा आहेर केला ह्यांना. कंत्राटी माणसाला कोण करतं हो एवढं? मी दिवाळीला हीच नेसले."

उंबऱ्यातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. दादाने मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"पण आहेर घेऊन गप्प बसणं बरं नव्हे," वहिनी म्हणाल्या. "परत आहेर करायला हवा. ह्यांना कधीची सांगते, नेऊन द्या, तर ह्यांना वेळच होत नाही. तुम्ही नाहीतरी तिकडेच जाणार." आणि त्यांनी फळीवरून एक पिशवी काढली. टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल हलका नव्हता, चांगला जाड, दुकानात निवडून घेतलेला.

दादा रिक्षापर्यंत सोडायला आला. "वाटेत टाकून द्या ताई," तो म्हणाला. "तिला काय सांगणार होतो? साडी चांगली होती. फेकवली नाही मला."

मी टाकली नाही. मी ठरवलं होतं की ही पिशवी सेक्रेटरीच्या टेबलावर आपटायची, सगळ्यांसमोर, आणि बघायचं त्याचं तोंड कसं होतं ते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे युनियनच्या ऑफिसात असताना गेले. मोठ्याने म्हटलं, "हा परतीचा आहेर. संपाच्या दिवशी तुम्ही ज्याला बांगड्या दिल्यात, त्याच्या बायकोने पाठवलाय. तिला वाटतं, तुम्ही तिच्या नवऱ्याचा मान केलात."

एक दोघांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, चला, कुठेतरी लागलं.

सेक्रेटरीने पिशवीतून टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "मी म्हणत होतो ना, माणूस मनाने चांगला. शेवटी युनियनचं प्रेम विसरत नाही कुणी." गाढवापुढे वाचली गीता. "अरे, असं पिशवीतून घेतात का आहेर? ताट आणा."

मावशींनी ताट आणलं. कुणीतरी त्यात टॉवेल आणि नारळ मांडला. मी बोलत होते, अजून बोलत होते, तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय, असं काहीतरी. "ताई, जरा इकडे बघा," असं कुणीतरी म्हटलं आणि मी बघितलं.

माजी सहकाऱ्याकडून सेक्रेटरींचा सत्कार, म्हणून तो फोटो आमच्या ग्रुपवर आहे. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मध्ये सेक्रेटरी टोपी घालून उभा आहे. मावशी कडेला अर्ध्याच दिसतात. आणि ताट माझ्या हातात आहे.