बोंगसिमचं बिऱ्हाड

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्यो गुमोकने बोंगसिमच्या डोक्याला शेवटचा रोलर लावला, वर प्लास्टिकची टोपी चढवली आणि टॅब्लेट तिच्या हातात दिला. केस कुरळे व्हायला दोन तास तरी जातात. दक्षिण कोरियातल्या मोकपो शहराच्या या चढाच्या गल्लीतल्या बायका पूर्वी तेवढ्यात टोपलीभर लसूण सोलायच्या. मग गुमोकची मुलगी हेरिन नोकरीसाठी राजधानी सोलला गेली आणि तिचा जुना टॅब्लेट गुमोकच्या या केस करायच्या दुकानात राहिला. त्यात संसाराचा एक खेळ होता. माणसं बनवायची, त्यांना घर द्यायचं, कामाला लावायचं, जेवू घालायचं. आता गल्लीतल्या निम्म्या बायकांची त्यात कुटुंबं आहेत.

खेळातल्या गावात तीन वस्त्या आहेत: टेकडी, बंदर आणि टॉवर. राहायला कुठली बरी, यावर दुकानात रोज जुंपते.

"बंदरच," शेजारच्या खुर्चीतली मालसून म्हणाली. ती बाजारात सुकी मासळी विकते. "माझ्या घरातला पुरुष दिवसभर गळ टाकून बसतो. येतो, जेवतो, झोपतो. तोंडातून चकार शब्द नाही."

"खऱ्या नवऱ्यालाही एक गळ घेऊन दे," बोंगसिम म्हणाली. "टेकडीसारखी वस्ती नाही. दार उघडं दिसलं की शेजारीण जेवण घेऊन आत."

"आणि तुमची बाई चढ चढून इतकी दमते की पायरीवरच झोपते, ओन्नी," गुमोक म्हणाली. बोंगसिम अठ्ठ्याहत्तर वर्षांची, त्यामुळे सगळ्यांचीच ओन्नी, म्हणजे थोरली बहीण. "टॉवरमध्ये लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये तुझ्याशी बोलतं कोण, हेरिनच्या आई? भिंत?"

गुमोक हसली. दुकानाची इमारत पाडायची आहे. बासष्टाव्या वर्षी दोन्ही गुडघे दुखत असताना तिने नवी जागा घेतली ती सपाटीवर, नव्या वसाहतीतल्या एका टॉवरच्या तळमजल्यावर. इथून बसने अर्धा तास. बायका तिथवर येतील का, हे बोंगसिमवर आहे. ती जिथे केस करते, तिथे गल्ली जाते. एकदा ती रुसून दुसऱ्या दुकानात जाऊ लागली, तेव्हा गुमोकने दोन महिने रिकाम्या खुर्च्या पुसल्या होत्या.

येणार का, असं गुमोकने विचारलं नव्हतं. बोंगसिमनेही सांगितलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते खेळातल्या वस्त्यांबद्दल.

अकराच्या सुमाराला रोलर तपासायला वाकलेल्या गुमोकला टॅब्लेटचा पडदा दिसला. टेकडीवरचं बोंगसिमचं घर रिकामं होतं. पलंग नाही, कपाट नाही. मधोमध फक्त भाताचा कुकर.

"ओन्नी, हे काय? चोरी झाली?"

"बांधाबांध केलीय."

"कुठे निघालात?"

"टॉवरला. बघू तरी तुझी लिफ्ट."

"मग हलवा की," मालसून म्हणाली. "एक बटण तर दाबायचं."

"आज आठ तारीख आहे. मला काय तुझ्यासारखं घर जाळायचंय?"

चांद्र महिन्याच्या नवव्या-दहाव्या तारखेला माणसाची पीडा आभाळात असते, बिऱ्हाड हलवायचं ते तेव्हाच. खेळात काय होतंय, म्हणून मालसूनने भलत्याच दिवशी बंदरावर घर हलवलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या खेळातल्या स्वयंपाकघराला आग लागली. तेव्हापासून खेळातलं बिऱ्हाडही भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर बघूनच हलतं.

"तू उद्या दुकानातला भाताचा कुकर कशातून नेणार आहेस?" बोंगसिमने गुमोकला विचारलं. आता ती पडद्याकडे बघत नव्हती.

"टेम्पोतून. सामानाबरोबर."

"सामानाबरोबर? नव्या जागेत पहिला तो जायला हवा. आईने काही शिकवलं की नाही? दे, मी बसने नेते."

"जड आहे, ओन्नी."

"मांडीवर घेईन. एकदा रस्ता कळला की या सगळ्यांना आणता येईल. आणि तिथे खाली बसायला उबदार जागा ठेव. दोन तास खुर्चीत माझी कंबर धरते."

"ठेवलीय," गुमोक म्हणाली आणि टोपी काढून रोलर सोडवू लागली.

उद्या चांद्र नववी. टेम्पो आठ वाजता येईल. भाताचा कुकर त्याआधीच, सात वाजून दहा मिनिटांच्या बसने बोंगसिमच्या मांडीवर निघेल.